उंबऱ्यावरचं बोलावणं

मी पत्रकं लिहिते. लोणावळ्यातल्या हॉटेलांत चादरी धुणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांची आमची लहानशी संघटना आहे, तिच्यासाठी. वर मथळा, मध्ये तीन मागण्या, खाली ‘बहुसंख्येने उपस्थित राहा’. सहा वर्षं हेच केल्यामुळे कुठं काही बिनसलं की माझ्या डोक्यात आधी मथळा येतो. या जुलैत आंदर मावळातल्या आमच्या खाचरांत भाताचं रोप तयार होऊन उभं होतं, लावायला माणूस नव्हतं, आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, आणि माझ्या डोक्यात भराभर मथळे येत होते. त्या मथळ्यांनी रोपाची एक काडीही लावली गेली नाही. भात शेवटी लागलं. ते कसं लागलं ते सांगण्यासाठी मला आधी माझ्या शेजारणीबद्दल सांगावं लागेल.

स्टेशनाच्या मागच्या गल्लीत माझी एक खोली आहे. भिंतीपलीकडं नेपाळच्या डोंगरातून आलेलं कुटुंब राहतं. नवरा हॉटेलात आचारी, ती दुसऱ्या हॉटेलात चादरी धुते. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला दिदी म्हणते, ती मला बहिनी म्हणते, म्हणजे त्यांच्याकडं धाकटी बहीण. गल्लीतल्या पोरींना यातच गंमत वाटायची, की हिचं लग्न झालं नाही आणि ही कुणाची वहिनी! दिदीला कारण कळल्यावर ती त्यांच्यापेक्षा जास्त हसली आणि मग मुद्दाम मोठ्यानं हाक मारू लागली.

ती राहायला आली त्या महिन्यात रोज विचारायची, “भात खायौ?” सकाळी नळावर, दुपारी जिन्यात, संध्याकाळी चपला काढताना. मी कार्यकर्ती. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं हे आमच्या अंगात मुरलेलं. जेवले नसेन तर सरळ “नाही” म्हणायचे. दहा मिनिटांत ताट यायचं. भात, वरण, मुळ्याचं लोणचं. चौथ्या-पाचव्या ताटाला माझी मला लाज वाटली. कारण आमच्या गावातही हेच आहे. “जेवलीस का?” हा प्रश्न नाहीच, ती ओळख आहे, आणि “नाही” म्हटलं की ताट येतं, म्हणून माणूस उपाशी असला तरी “व्हय, आत्ताच” म्हणतो. मावळात जन्मून हे मी शहरात विसरले होते, आणि नेपाळातून आलेल्या बाईनं मला ते परत शिकवलं. स्वतःच्या खर्चानं.

पाहुण्यांच्या लोणावळ्यात शिष्टाचार वेगळे आहेत. बंगल्यांच्या सोसायट्यांमध्ये कामवाल्या बायकांना भेटायला मी जाते. तिथं एक बाई मला म्हणाल्या होत्या, “सॉरी हं, प्लीज, तुम्ही इथं उभ्या राहू नका, थँक यू.” एका वाक्यात तीन गोड शब्द आणि मी फाटकाबाहेर. इतकं गोड हाकलणं आमच्या गावात कुणाला जमणार नाही. आमच्याकडं ‘आभारी आहे’ म्हटलं तर समोरचा दचकतो. वाटतं, ही आता तोडून टाकतेय की काय. दिदीकडंही तसंच. धन्यवाद हा शब्द तिच्या भाषेत आहे, पण तो, ती म्हणते, “भाषण में बोलते हैं.”

आई लोणावळ्याला आली की माझ्या खोलीत कमी आणि दिदीच्या उंबऱ्यात जास्त बसायची. आईला हिंदी येत नाही, दिदीला मराठी नळापुरती येते. तरी दोघी तास-तास बोलायच्या. गुडघे, म्हशी, सासवा. एकदा कामाला निघताना दिदी तिच्या सवयीनं म्हणाली, “गएँ है.” आईनं मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, ‘गेले हं’ असं म्हणाली. आईचा चेहराच उतरला. “असं उंबऱ्यात बोलू न्हाई गं बाई. येते म्हनावं.” दिदीला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, “हमारे यहाँ तो ऐसा ही बोलते हैं, और वापस भी आते हैं.” आईनं ते मान्य केलं नाही.

तर जुलै. आईचा फोन आला. “काय न्हाई गं, हात जरा मोडलाय.”

जरा मोडलाय! अंगणात शेवाळावरून घसरली, मनगट गेलं, भावकीतल्या कुणीतरी वडगावला नेऊन प्लास्टर घालून आणलं, आणि तिनं मला तिसऱ्या दिवशी कळवलं, तेही वेगळ्याच कारणासाठी. वडील जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून आमची चार खाचरं ती एकटी सांभाळते. ती म्हणाली, “रोप पंचवीस दिसांचं झालंय. या आठ दिसांत लावलं न्हाई तर गुरांपुढं टाकायचं.” म्हणजे वर्षाचा तांदूळ गेला. आई दुकानातला तांदूळ खात नाही असं नाही. पण ज्या वर्षी तिची खाचरं पड राहतील त्या वर्षी ती गावात मान खाली घालून चालेल, हे मला माहीत होतं.

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज तुझ्याकडं आम्ही सगळे, उद्या माझ्याकडं तुम्ही सगळे. मजुरी नाही, कुणाच्या घरातून किती माणसं आली ते मोजणं नाही. दिवसाला दिवस.

“मी जाते सांगायला,” आई म्हणाली. “हात मोडलाय, पाय कुटं मोडलाय?”

“घराबाहेर पडायचं नाही,” मी म्हटलं. “परत घसरशील. मी कळवते सगळ्यांना.”

“तू कशी कळवनार?”

“ते माझं काम आहे. माझा धंदाच तो आहे.”

आई “बरं” म्हणाली. ती नुसतं “बरं” म्हणाली की काहीतरी चुकतंय, एवढं मला वयाच्या पाचव्या वर्षापासून कळतं. मी तरी फोन ठेवला आणि गावच्या ग्रुपवर संदेश लिहिला. ‘सर्व ग्रामस्थांना नम्र आवाहन. सोमवारी सकाळी ठीक आठ वाजता आमच्या शेतात भातलावणी आयोजित केली आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून सहकार्य करावे.’ पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. जोडलेले हात आले. कुणीतरी गुलाबही टाकला. मी मोजून पाहिले आणि आईला सांगितलं, चहाला साखर जास्त मागवून ठेव.

दिदीला भिंतीपलीकडं सगळं ऐकू येतंच. तिनं विचारलं, “कितना खेत है?” मी सांगितलं. ती म्हणाली, “सोमवार मेरी छुट्टी है. मैं आती हूँ.” मी नको म्हटलं, आठवड्यातली एकच सुट्टी, ती चिखलात कशाला घालवायची? ती म्हणाली, “बारह साल से मिट्टी में पैर नहीं डाला, बहिनी.” मी तिच्यासाठी एक जुनी साडी काढून ठेवली.

रविवारी संध्याकाळी आम्ही लोकलनं कान्ह्याला उतरलो, तिथून टाकव्याची जीप, पुढं दुसरी जीप, आणि शेवटचा तासभर चालत. आमच्या गावाला येणारी एसटी हा एक वेगळा मथळा आहे, तो आज नको. दिदीच्या पिशवीत दोन किलो पोहे आणि स्टीलच्या डब्यात दही होतं. विचारलं तर म्हणाली, लावणीच्या दिवशी हे खायचं असतं. चिखलातून डबा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला.

सोमवारी आठ वाजता कुणी आलं नाही. साडेआठला नाही. नऊला ओढ्यापलीकडच्या खाचरात वीस माणसं उतरली. आमचीच माणसं, आमच्याच आळीतली. त्यांचं हसणं आमच्यापर्यंत येत होतं. आमच्या खाचरात चिखलणीसुद्धा झालेली नव्हती, कारण टिलर ज्यांच्याकडं आहे ते आबाही आले नव्हते. मला असा संताप आला की मी सरळ रोपात उतरले आणि मुठी धरून रोप उपटायला लागले. म्हटलं, नाही येत तर नका येऊ, आम्ही तिघी लावू.

“अगं उपटू नको!” “नउखेल, नउखेल!” दोघी एकदम ओरडल्या, एक मराठीत, एक नेपाळीत. आई बांधावरून, दिदी माझ्या मागून. लावायला जमीन तयार नसताना रोप उपटलं तर ते मरतं, हे दोघींना माहीत होतं. मला पत्रक कुठल्या कागदावर स्वस्त पडतं ते माहीत होतं.

दुपारी आबा टिलर घेऊन बांधावरून निघाले. आळीतले सगळ्यांत वयस्कर शेतकरी, वडिलांचे जवळचे. मी आडवी गेले.

“आबा, मेसेज मिळाला ना?”

“मिळाला की. आंगठाबी लावला त्याच्यावर.”

“मग आला का नाहीत?”

“कुटं?”

“आमच्याकडं! लावणीला!”

आबांनी टिलर बंद केला. “पोरी, त्या ग्रुपवर लाईट जानार म्हनून येतं. लसवाला येनार म्हनून येतं. कुनाची शेळी हरवली ते येतं. तुजंबी आलं. समद्यास्नी आंगठा लावला. पर बोलवायला कोन आलतं?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी टिलर पुन्हा चालू केला आणि त्या आवाजावरून ओरडून म्हणाले, “आनि लुटारूंच्या हातनं कशाला लावून घेती शेत?”

हा ‘लुटारू’ माझा शब्द होता. दोन वर्षांपूर्वीचा. तीन दिवसांच्या एका शिबिरातून मी तापून घरी आले होते, आणि त्याच आठवड्यात आई आबांच्या शेतात वाकलेली दिसली. आबांचा टिलर आमच्याकडं एक दिवस चालतो, त्याच्या बदल्यात आईनं त्यांच्याकडं तीन दिवस लावणी करायची, असा रिवाज. पूर्वी बैलांना होता, आता टिलरला. एक दिवस यंत्र, तीन दिवस बाईची कंबर. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: ‘सावड की लूट?’, खाली ‘लुटारूंना जाब विचारा’, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, देवळाच्या भिंतीवर, दुकानावर डकवून लोणावळ्याला निघून गेले. नाव कुणाचं लिहिलं नव्हतं. पण आमच्या आळीत टिलर एकाकडंच आहे, आणि एकटी बाईही एकच.

मी घरात आले. आई चुलीपाशी डाव्या हातानं लाकूड सारत होती. मी विचारलं, “त्या पत्रकानंतर सावड तुटली होती का?”

“तुटली न्हवती. अडकली हुती.”

“मग गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी लावणी कशी झाली?”

“गेले की मी. घरोघर. म्हनलं, पोरगी माजी हाय, कागद माजा न्हाई.”

तिनं हे मला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. आताही मी विचारलं म्हणून सांगितलं, आणि लगेच म्हणाली, चहा घेतीस का. मी माझ्या आईच्या बाजूनं लिहिलं होतं. तिला न विचारता. आणि त्याची भरपाई तिनं सावडीतल्या पाचही घरांच्या उंबऱ्यांवर जाऊन केली होती. आज तिचे पाय धड असून मी तिला घरात बसवलं होतं.

दिदीला सगळं नीट समजावं म्हणून मी हिंदीत सांगितलं. ती चकित झाली, पण वेगळ्याच गोष्टीनं. “मैं तो सोची तू बुला के आई है. बिना बुलाए कौन आता है? तुम्हारे गाँव में कागज से बुलाते हैं?” तिच्या गावात सावडीला पर्मा म्हणतात. तीच पद्धत, दिवसाला दिवस. आणि तिथंही आदल्या संध्याकाळी दारात जावं लागतं. “फोन तो वहाँ भी है,” ती म्हणाली. “फोन से तो बैंकवाला भी बुलाता है.” मग तिनं तिच्या हॉटेलात फोन लावला आणि आवाज बारीक करून सांगितलं की उद्या येत नाही, पेट खराब है. संघटनेची कार्यकर्ती म्हणून मी ते ऐकलंच नाही.

दिवेलागणीच्या आधी आम्ही निघालो. आईनं उंबऱ्यातून सांगितलं, “काम काडू नको तोंडातून.” मला वाटलं, टिलरचा विषय काढू नको असं म्हणतेय.

पहिलं घर एका आजीचं, मुलगा-सुनेसकट तिच्या घरातून चार माणसं येतात. मी अंगणात उभी राहून म्हटलं, “आजी, उद्या आमची लावणी आहे. याल ना सगळे?”

“आली व्हय पत्रकवाली!” आजी म्हणाली. “बस तरी. पोलिसावानी उबी ऱ्हाऊन काय बोलतीस?”

मी बसेपर्यंत दिदी तिच्याशेजारी बसून तिच्या सुपातला लसूण सोलायला लागली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आजीनं विचारलं, ही कोन? मी सांगितलं. आजीनं तिच्या हाताकडं पाहिलं, नखांकडं, पाकळी सोलण्याच्या पद्धतीकडं. मग दोघी सुरू झाल्या. म्हैस आटली का, गुडघ्याला काय लावता, नेपाळात साप आहेत का. मी दुभाषी म्हणून बसले होते, पण अर्ध्या गोष्टींना माझी गरज नव्हती. लावणीचा शब्द कुणी काढला नाही. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा दिदीनं माझ्या हातात लसूण ठेवला. सूप रिकामं झालं तेव्हा आजी स्वतःच म्हणाली, “मंग, उद्या हाय व्हय तुमच्यात?”

तेव्हा मला आईचं वाक्य कळलं. बोलावणाऱ्यानं काम बोलायचं नाही. त्यानं फक्त यायचं, बसायचं, विचारपूस करायची. ओळखायचं ते समोरच्यानं, आणि विचारायचंही त्यानंच. म्हणजे मागणाऱ्याला मागावं लागत नाही, आणि येणारा आपल्या मर्जीनं येतो. नाही जमणार तर तो विषयच काढत नाही. कुणी कुणाला नकार दिला असं होत नाही. आमच्या पत्रकात ‘नम्र आवाहन’ असतं, पण त्यात नम्र काही नसतं; ती नोटीस असते. इतकी वर्षं मी माणसांना एकत्र आणायचं काम करते, आणि माणसांना एकत्र आणायची माझ्याच गावची इतकी देखणी रीत मला ठाऊक नव्हती, कारण ती कुठं लिहिलेली नव्हती.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरी मी सुधारले. एका घरी टोमणा बसला, “बहुसंख्येनं आलाय, दोगीच व्हय?” मी म्हटलं, भाऊ, गुलाब तुम्हीच टाकला होता ना? तो हसला. चहा चार झाले.

पाचवं घर आबांचं. आबा पडवीत बसले होते, त्यांची बायको आत भाकरी करत होती. मी त्यांना मावशी म्हणते. आबांनी ‘ये’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. आम्ही बसलो. मी टिलरबद्दल विचारलं, पट्टा कसा चाललाय. आबा म्हणाले, “चाललाय.” दिदीनं पावसाबद्दल विचारलं. आबा म्हणाले, “पडतोय.” रीतीप्रमाणं मी गप्प बसायला हवं होतं. पण एक गोष्ट रीतीनं झाकून ठेवावी असं मला वाटेना.

“आबा,” मी म्हटलं, “आईला न विचारता लिहिलं, भिंतीवर लावलं, ते चुकलं माझं. तुम्हाला लुटारू म्हटलं तेही चुकलं. माझे वडील गेले तेव्हा पहिल्या वर्षी आमची चिखलणी तुम्ही न बोलावता केली होती, ते मला आठवतं. पण एका दिवसाला तीन दिवस हे बरोबर नाही. ते मी मागं घेत नाही.”

“आली का पुन्ना गाडी तितंच,” आबा म्हणाले.

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. मावशी पिठाच्या हातानं दारात आल्या. “खोटं काय बोलती ती? लग्न हून आले तवा मी नव्हते का गेले बैलांच्या बदली तीन-तीन दीस दुसऱ्याच्या चिखलात? तुमी गेलता का?”

मला वाटलं, आता आपली बाजू भक्कम. मी दिदीकडं वळले आणि हिंदीत म्हटलं, सांग यांना, तुमच्याकडं दिवसाला दिवसच असतो ना? दिदीनं विचार केला आणि म्हणाली, “आदमी का एक. बैल का, हमारे यहाँ भी ज़्यादा लगता है. दो दिन.”

माझा मथळा जागच्या जागी फाटला. आबांना हिंदी कळते. त्यांना हसू आवरेना. “बग! नेपाळातबी लुटारू हायत!”

पण दिदीचं बोलणं संपलेलं नव्हतं. “लेकिन हमारे गाँव में, जिस घर में मरद नहीं, उसका खेत पहले लगता है. सबसे पहले. फिर बाकी का.”

आबांचं हसू हळूहळू थांबलं. मग मला नाही, दिदीला म्हणाले, मोडक्या हिंदीत, “हमारे में भी था. मेरी माँ के टाइम को.” आणि उठून पडवीतला दिवा लावला, परत बसले, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “मंग, उद्या हाय व्हय तुमच्यात?”

मंगळवारी उजाडता उजाडता टिलरचा आवाज आला. आठच्या आत दोन खाचरं चिखलून झाली होती आणि बांधावर चौदा माणसं होती. आई प्लास्टरवर पिशवी बांधून बांधावर उभी राहून हुकूम सोडत होती; मोडका हात तिनं झेंड्यासारखा वापरला. बायका ओळीनं वाकल्या, मागं सरकत लावायला लागल्या. दिदीही मागंच सरकते, पण ती एका ठिकाणी दोन-तीनच काड्या लावते, आमच्याकडं चार-पाच.

“अगं बया, एवड्यानं काय पिकतंय? कंजूस हाय का तू?”

“ज़्यादा डालोगे तो आपस में झगड़ा करेगा,” दिदी म्हणाली. “सास-बहू जैसा.”

ते मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. सगळी ओळ हसली. मग पैज लागली, की एक अख्खं खाचर दिदीच्या पद्धतीनं लावायचं आणि कापणीला बघायचं कुणाचं भरतं. मी सगळ्यांच्या मागं पडत होते. माझी ओळ वाकडी जात होती, आणि आजी दर वेळी म्हणायची, “कागदावरबी अशीच लिवतीस का?”

दुपारी बांधावर दिदीनं दह्यात पोहे कालवले, वर गूळ. तिच्याकडं लावणीच्या दिवशी हे खातात म्हटल्यावर बायकांनी शंकेनं एक-एक घास घेतला. “हा तर गोपाळकाला की!” “मग, देव काय आपल्या एकट्यांचाच हाय का?” डबा चाटूनपुसून रिकामा झाला. आईनं तो धुतला नाही. तिनं त्यात घरचा इंद्रायणी तांदूळ भरला आणि झाकण लावलं. आभार कुणी मानले नाहीत. आबा टिलर धुऊन जाताना दिदीला एवढंच म्हणाले, “कापणीला येनार न्हवं? पैज हाय.”

संध्याकाळपर्यंत चारही खाचरं लागली.

आता दिवस फेडायचे होते, आणि आईचा हात मोडलेला. म्हणजे ते माझ्यावर. मी कामावरून सुट्टी घेतली आणि पुढचा आठवडा पाच घरांच्या चिखलात काढला. पत्रकात मी ‘बाईची कंबर’ हे शब्द लिहिले होते. त्यांचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास कळला. आबांच्या शेतात मी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बांधावर पोहोचले, साडी खोचली, तर मावशी रोपाची जुडी हातात घेऊन आडव्या आल्या.

“कुटं निगालीस?”

“तिसरा दिवस आहे ना.”

“दोन झाले,” त्या म्हणाल्या. “जा घरी.”

आबा टिलरमागं होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही आणि टिलरही थांबवला नाही. घोषणा नाही, ठराव नाही, फळ्यावर कागद नाही. पुढच्या वर्षी दोन राहतील की पुन्हा तीन होतील, मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी परत फिरले तेव्हा शेजारच्या खाचरातून आजीनं ते पाहिलं होतं, आणि आमच्या आळीत आजीनं पाहणं म्हणजे भिंतीवर लागणंच.

प्लास्टर निघाल्यावर आई लोणावळ्याला आली. मला वाटलं, माझ्याकडं आली. ती येऊन थेट दिदीच्या उंबऱ्यात बसली. गुडघ्यांचं झालं, म्हशीचं झालं, हॉटेलातल्या चादरींचं झालं. अर्धा तास झाला, तरी ती उठेना. मी आत पोळ्या करत होते. मला कळत होतं ती का बसली आहे. दिदी आमच्या चिखलात एक दिवस वाकली होती, आणि तो दिवस आईच्या जिवाला लागून राहिला होता. दिदीची इथं खाचरं नाहीत, फेडायचा कुठं?

मी दारात येऊन वाट बघत राहिले. मग दिदीनं आपल्या नळापुरत्या मराठीत, सावकाश, पलंगाखालची ट्रंक ओढत म्हटलं, “आई, पावसानं रजया ओल्या झाल्यात सगळ्या. उद्या धुवायच्या आहेत.”

“उद्या हाय व्हय तुमच्यात?” आई म्हणाली, आणि पदर खोचून उठली.